पलंग शामकडे, विजू दादांकडे

वाटणी सकाळी सातलाच आटोपली आणि ती होताना विजूला कोणी काही विचारलं नाही. ती स्वयंपाकघरात वडिलांच्या बाराव्याचे तांदूळ निवडत बसली होती आणि मधल्या दारातून दोघा भावांचं बोलणं तिला स्वच्छ ऐकू येत होतं. भिंगारचं हे भाड्याचं घर महिनाअखेर सोडायचं होतं. भांडी निम्मी निम्मी, बापूंची पुस्तकं नृसिंहदादांना, भिंतीवरचं घड्याळ शामकांताला, इथपर्यंत सगळं सुरळीत पार पडलं. मग दोनच नग उरले. त्यांचा निकाल दादांनी एका दमात लावला.

"पलंग शामकडे, विजू माझ्याकडे. जामखेडला."

"चालेल," शामकांत म्हणाला.

बस्स, एवढंच. विजूच्या हातातलं सूप थांबलं. तिला राग कशाचा आला हे तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. आपल्याला वाटणीत घातलं याचा तर आलाच, पण पलंगाचं नाव आपल्या आधी घेतलं याचाही आला. पस्तीस वर्षांची बाई, मराठी सातवीची फायनल पास झालेली, सहा वर्षं बापाची सगळी उठबस एकटीने केलेली, आणि यादीत पलंगाच्या मागे!

शाळेचा हुकूम येऊन चार दिवस झाले होते. स्कूल बोर्डाने तिला कोल्हारच्या मुलींच्या शाळेत असिस्टंट म्हणून नेमलं होतं आणि येत्या सोमवारी हजर व्हायला सांगितलं होतं. बापूंच्या आजारपणात तिने अर्ज केला तो बापूंच्याच सांगण्यावरून, आणि अर्जावरची वाकडीतिकडी शिफारस बापूंनी डाव्या हाताने लिहिली होती. हुकूम तिने दादांपुढे ठेवला तेव्हा ते म्हणाले, "तेरावा होऊ दे, मग बघू." या घरात 'मग बघू' म्हणजे नाही. ते लहानपणापासून तसंच होतं.

आता पलंगाचं सांगायला हवं, कारण त्या दिवशी सगळं घर त्याच्यावरून पेटलं.

पलंग शिसवी होता, काळाभोर आणि बैलगाडीएवढा. बापू, म्हणजे राधाकृष्णपंत, कॅम्पातल्या कचेरीत हेडक्लार्क असताना एक कर्नल विलायतेला परत निघाला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. टेबलं, आरसे, खुर्च्या इतरांनी नेल्या. पलंग कोणाच्याच दारातून आत जाईना, म्हणून तो बापूंच्या वाट्याला आला आणि त्यांनी तो सुटा करून आत घेतला. चार कोपऱ्यांना चार कातीव खांब, वर अननस. उशाच्या फळीवर मधोमध एक कोरी ढाल, तिच्या दोन्ही अंगांना सिंह, आणि सिंहांच्या भोवती द्राक्षांचे वेल आणि एकवीस पोपट. साहेबाने सुताराला नुसतं चित्र दाखवून सिंह सांगितला असणार. आपल्याकडच्या त्या सुताराने जन्मात सिंह पाहिलेला नव्हता, म्हणून त्याने चांगला ओळखीचा वाघ कोरला आणि त्याला आयाळ लावून दिली. पोपट मात्र पेरूच्या झाडावरचे वाटावेत इतके खरे होते. त्या एकवीस पोपटांच्या चोची, पंख आणि नखं यांतली धूळ काढायला विजू काडीला चिंधी गुंडाळून, तेलात बुडवून बसायची. अर्धांग झाल्यावर बापू सहा वर्षं त्याच पलंगावर होते आणि ती खाली चटईवर.

शामकांताची नजर त्या पलंगावर फार दिवस होती. त्याची वकिली स्टेशन रोडला जोरात चालली होती. नव्या घराच्या पुढच्या खोलीत खांबाखांबांचा शिसवी पलंग मांडला की पक्षकार आल्याआल्या दबून जाईल, असा त्याचा हिशेब.

नऊ वाजता कर्म सुरू झालं. कोल्हारहून रंगनाथभट आले होते. बुटके, किरकोळ अंगाचे, बोलायला मऊ. मृताची कर्मं चालवणारे म्हणून इतर भिक्षुक त्यांच्या पंक्तीला बसत नसत, पण निरोप गेला की ते तीस मैलांवरून येत. बाराव्याला शय्यादान असतं. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर निजायला मिळावं म्हणून अंथरूण-पांघरूण, छत्री, जोडे, तांब्याभांडं यांच्यासकट एक पलंग ब्राह्मणाला द्यायचा. आता कोणी घरातला पलंग देत नाही. सुताराकडून हलकी पलंगडी करून घ्यायची आणि ती द्यायची, असं सगळेच करतात. माळीवाड्याच्या छगन सुताराला तशी पलंगडी सांगितली होती.

छगन ती डोक्यावर घेऊन आला तो साडेनवाला, आणि तीही तेल लावून ओली. त्यामुळे शामकांताच्या बायकोने, नीलांबरीने, नवी गादी, उशी आणि चादर तात्पुरती बापूंच्या पलंगावर अंथरून ठेवली. छत्री, जोडेही तिथेच ठेवले. तिचं चुकलं असं कोणाला म्हणता येणार नाही. सातव्या महिन्यातली बाई गादी डोक्यावर घेऊन किती वेळ उभी राहील?

इकडे शामकांताने पलंगडी ओट्यावर टेकवली तर ती डुगडुगायला लागली.

"छगन, एक पाय आखूड आहे हिचा."

"वकीलसायब, पाय चारीबी सारखं हायेत. तुमचा वटाच वाकडा हाय."

"ओटा वाकडा? चाळीस वर्षं आहे तो इथे!"

"मंग चाळीस वर्सं वाकडा हाय. आमी काय करावं?"

"दुसरी आण."

"दुसरी? लाकडाचं काय हाल चाललंत ठावं न्हाई का तुमास्नी? लडाई संपली पर लाकूड न्हाई भेटत. ही घ्या न्हाई तर ऱ्हाऊ द्या."

शामकांताला वाद घालायला मिळाला की तो जेवणसुद्धा विसरतो. तो छगनला मालविक्रीचा कायदा सांगू लागला. नृसिंहदादांच्या बायकोला, दमयंतीवहिनींना, हे बघवेना, म्हणून त्याही ओट्यावर गेल्या आणि पायाखाली घालायला चिपा शोधू लागल्या. नीलांबरी पाणी प्यायला आत गेली. आत खोलीत राहिले तिघे. उघडेबंब, डोकं भादरलेले, बोटात दर्भाचं पवित्रक घातलेले दादा, समोर रंगनाथभट, आणि हातात तीळ-तुळशीचं तबक धरून उभी विजू.

"शय्या कोणती?" भटजींनी विचारलं.

"ही काय," दादा म्हणाले, आणि पलंगावरच्या गादीकडे हात केला.

विजूने चमकून दादांकडे पाहिलं. भटजीसुद्धा क्षणभर दचकले. पण यजमानाची भक्ती मोठी असली तर भिक्षुकाने मध्ये का यावं? ते मंत्र म्हणू लागले. दादांनी गादीला गंध लावलं, फूल वाहिलं, शिसवी खांबालाही गंध लावलं.

"दादा, अहो, ही तर—"

"विजू! कर्म चालू असताना मध्ये बोलायचं नाही, किती वेळा सांगायचं? गप्प बस."

ती गप्प बसली. अगदी मनापासून गप्प बसली. बारा दिवस या घरात प्रत्येकाने तिला हेच सांगितलं होतं. भाऊ बोलत असताना गप्प बस, कोल्हारचं काढू नकोस, गप्प बस. बरं तर! तिने तबक पुढे केलं. दादांनी तीळ घेतले, पाणी घेतलं, 'न मम' म्हणून ते रंगनाथभटांच्या हातावर सोडलं. भटजी 'स्वस्ति' म्हणाले. दान दिलं गेलं, घेतलं गेलं, संपलं.

दान घेणाऱ्याने त्या शय्येवर क्षणभर बसायचं असतं. पलंग उंच, भटजी ठेंगणे. विजूने त्यांना पाट दिला. ते पाटावर चढून पलंगावर बसले, आणि त्यांचे पाय जमिनीपासून हातभर वर लोंबत राहिले. त्यांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना आयाळवाले वाघ होते.

नेमका तेव्हाच शामकांत पलंगडीचं एक टोक धरून आत आला.

"दादा, हे काय?"

"काय काय?"

"भटजी पलंगावर का बसलेत?"

"शय्यादान झालं," दादा म्हणाले.

शामकांताच्या हातातलं टोक निसटलं आणि त्या झटक्याने दुसरं टोक छगनच्या पायावर आपटलं. छगन कळवळून ओरडला, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ होता!

"अहो, शय्या ही होती! ही! भटजी, उतरा खाली. चूक झाली आहे. पुन्हा संकल्प करू."

रंगनाथभट उतरले नाहीत, म्हणजे लोंबत्या पायांना पाट सापडेना. पण बोलले ते शांतपणे. "वकीलसाहेब, मी कुठे मागितला होता? तुमच्या वडिलांच्या नावाने पाणी सोडलंत, मी घेतलं. आता परत घ्यायचा तर घ्या. माझी हरकत नाही. पण दिलेलं परत घेतलं तर तुमचे वडील तिकडे कशावर निजतील, ते मला विचारू नका. मला माहीत नाही."

शामकांत कोर्टात मोठमोठ्यांना आडवं घेतो, पण बापाला उघड्या जमिनीवर निजव असं कोण म्हणणार?

"चष्म्याशिवाय ह्यांना दिसतं कुठे!" दमयंतीवहिनी नवऱ्याच्या मदतीला धावल्या. "माणसाच्या हातून होतं. तुम्हीच तिकडे सुताराशी भांडत बसलात, भाऊजी."

"म्हणजे माझी चूक? ताई तर इथेच होती ना! ताई, तू का नाही बोललीस?"

"बोलत होते. दादांनी गप्प बसवलं," विजू म्हणाली. ते खरंच होतं. तरी आपण खोटं बोललो असं तिला वाटलं आणि तिने मान वळवली.

मग पंगत बसली. साखर अजून कंट्रोलात, मोजून मिळणारी, म्हणून गुळाची खीर केली होती, ती तशीच द्रोणात राहिली. शामकांत पाचव्या मिनिटाला म्हणाला, "ठीक आहे. पलंग गेला. पण मग सकाळची वाटणीही गेली. दादा, तुम्ही पलंग दान केलात तो माझ्या वाट्यातला. तेव्हा ताई आता आमच्याकडे येईल. नीलांबरीचं बाळंतपण दोन महिन्यांवर आलंय, घरात बाईमाणूस हवंच."

"वा!" वहिनींनी वाढायचा डाव थांबवला. "आणि माझे गुडघे? चार पोरांचं करायला जामखेडला कोण आहे? विजूताई आमच्याकडेच यायच्या असं ठरलंय."

"ते पलंगाच्या बदल्यात ठरलं होतं."

"बदल्यात म्हणजे काय? बहीण आहे ती!"

"मग बहीण माझी नाही का?"

विजू वाढता वाढता ऐकत होती. तिला हसू आलं, मग घृणा आली, मग इतका थकवा आला की भाताचं पातेलं तिने तसंच जमिनीवर ठेवलं. एवढी ओढाताण मायेची असती तर किती बरं झालं असतं! दोघांनाही हवे होते तिचे हात.

"वन्संना विचारा तरी एकदा," नीलांबरी कोपऱ्यातून हळूच म्हणाली. एरवी ती सासरच्यांत तोंड उघडत नसे. शामकांताने तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा पाण्याच्या भांड्याकडे वळली, पण शब्द निघून गेला होता.

"विचारू नका, मी सांगते," विजू म्हणाली. "मी सोमवारी कोल्हारला हजर होणार आहे."

"ते आपण मग बघू म्हटलं होतं," दादा म्हणाले.

"बघितलं मी."

"एकटी बाई, त्यात तू अशी. तुला खोली कोण देईल?" शामकांताने विचारलं. 'अशी' म्हणजे विधवा. तो शब्द त्याच्या तोंडून कधी निघत नसे, तो सुधारक होता ना!

विजूने इकडेतिकडे पाहिलं. रंगनाथभट बाहेरच्या ओटीवर वेगळे जेवत होते. ती सरळ उठून तिकडे गेली.

"भटजी, पलंग तुम्ही कुठे ठेवणार?"

"तोच विचार करतोय, बाई," ते खरोखरच काळजीत होते. "माझं घर दोन खणांचं. आम्ही पाच माणसं. हा आत घेतला तर आम्हालाच बाहेर निजावं लागेल. विकावा तर दानाचा पलंग गावात घेणार कोण? भावाची एक खोली आहे नदीच्या अंगाला, तो नाशिकला गेल्यापासून बंद आहे. तिथे लावतो झालं."

"ती खोली मला भाड्याने द्याल?"

भटजींचा हात घासासकट थांबला. "पलंगासकट?"

"असू दे. मी कोपऱ्यात निजेन. सहा वर्षांची सवय आहे."

"शेजारी माझी आई आहे, बायको आहे. राहायला भीती नाही. पण बाई, आमच्या घरी राहिलात तर तुमचे लोक—"

लोक मागे येऊन उभेच होते. "मृताचं दान घेणाऱ्यांच्या घरात राहणार तू?" शामकांत कुजबुजला, पण भटजींना ऐकू जाईल असा. मघापर्यंतचा सुधारक कुठे गेला कोणास ठाऊक. "लोक काय म्हणतील आम्हाला?"

"माझ्यासारख्या विधवेने तुझ्याकडे येऊन नीलांबरीचं बाळंतपण केलं असतं तर लोक काय म्हणाले असते?"

"ताई, तो प्रश्न वेगळा."

तेवढ्यात दमयंतीवहिनी पुढे झाल्या. त्यांनी मनात काय तोललं ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "जाऊ देत हो त्यांना. सरकारी नोकरी आहे. स्टेशन रोडला जाऊन राबण्यापेक्षा कोल्हार काय वाईट?"

शामकांत गर्रकन वळला. "जामखेडला राबण्यापेक्षाही वाईट नाही. जा ताई. खुशाल जा."

आणि असं ते ठरलं. आपल्याकडे येत नसेल तर निदान दुसऱ्याकडे तरी जाऊ नये, एवढ्यावर दोन्ही घरांचं एकमत झालं. जन्मात या भावांचं इतकं मनापासून झालेलं ते पहिलंच एकमत असावं.

तेरावा आटोपला आणि रविवारी सकाळी पलंग सुटा केला. छगन लंगडत आला होता. खांबातले पितळी स्क्रू उलटे फिरतात हे त्याला कळेना, शेवटी विजूने ते फिरवून दिले. उशाची फळी चौघांनी उचलली. कोल्हारकडची एक बैलगाडी परत निघाली होती, तीत सगळं भरलं. रंगनाथभट गाडीवानाशेजारी बसले. फळीच्या भाराने गाडी मागे झुकली, तेव्हा छगन म्हणाला, "सायबाचं वझं हाय म्हाराज, बैलं लई तापवू नगा," आणि गाडी हलली.

शामकांत आलाच नव्हता. नीलांबरीने मात्र विजूसाठी एक शाल पाठवली होती.

दादा रस्त्यावर उभे राहून गाडीकडे बघत होते. गाडी कॅम्पाच्या वळणावर दिसेनाशी झाली तरी ते हलले नाहीत. विजू कुलूप लावून बाहेर आली.

"तुला दिसत होतं ना, विजू?" त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं. "मी कुठे पाणी सोडतोय ते."

आता खोटं बोलून काय मिळणार होतं? "दिसत होतं. एकदा बोलले. तुम्ही गप्प बस म्हणालात, मग नाही बोलले."

"मलाही दिसत होतं."

विजूने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"चार खांबांचा पलंग न दिसायला मी काय आंधळा आहे?" दादांचा आवाज चिरका झाला. "सहा वर्षांत शाम बापूंना भेटायला किती वेळा आला? बोटावर मोजता येईल. स्टेशन रोडला राहून! आणि आता तो पलंग पुढच्या खोलीत मांडून पक्षकारांना सांगणार, 'आमच्या वडिलांचा'. ते मला बघवलं नसतं. शास्त्रातही गेलेल्याची आवडती शय्याच द्यायची सांगितली आहे, पलंगडीचा चलाखपणा आपण काढलेला. सोडलं पाणी."

विजूला एकदम रडू फुटेलसं वाटलं. इतके दिवस ती रडली नव्हती. दादांनी हे सगळं समजून उमजून केलं? म्हणजे बाराव्याच्या सकाळची ती वाटणी त्यांनाही खुपली होती? तिला विचारल्याशिवाय राहवेना.

"आणि माझं काय, दादा? पाणी सोडताना माझा विचार आला होता? पलंगाच्या बदल्यात ठरलेली मी. पलंग गेला की मी सुटेन, असं काही?"

ते हो म्हणाले असते तर तिने विश्वास ठेवला असता. जन्मभर ठेवला असता. दादांनी भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

"नाही," ते म्हणाले. "तुझा नाही आला."

तिला वाईट वाटलं, खूप वाटलं. डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पदराने पुसलं. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी एक मोकळेपणाही होता. म्हणजे कोल्हार तिला कोणी दिलं नव्हतं. दादांनी दिलं नव्हतं, शामने नाही, वहिनींनीही नाही. त्यासाठी दिवाळीला पाया पडायला नको होतं आणि पत्रातून आभार लिहायला नको होते.

"खरं बोललात, बरं केलंत," ती म्हणाली. "दहाची मोटार आहे. कोळशावरची, थांबत नाही फार."

दादा तसेच उभे. छगन तर गाडीबरोबरच निघून गेला होता, आणि ओट्यावर तिची ट्रंक होती. एरवी ती एकटीने ओढली असती.

"त्या बाजूची कडी धरा," विजू म्हणाली.

दादांनी आधी ओट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग ते वाकले आणि त्यांनी कडी धरली.